इंग्लंडमध्ये फ्लॅट घेताना: लीजहोल्ड, शेअर ऑफ फ्रीहोल्ड आणि कॉमनहोल्ड

ऑगस्ट २०१४ मध्ये हॅरोमधल्या फ्लॅटची किल्ली हातात आली. त्याच संध्याकाळी मी ठाण्याला आईला फोन लावला. तिने पहिला प्रश्न विचारला, "जागा कोणाच्या नावावर?" मी म्हटलं, "आमच्या दोघांच्या."

जानेवारीत एका अनोळखी कंपनीचं पाकीट आलं. ग्राउंड रेंट (जमिनीचं भाडं) भरा, २०० पौंड. मला वाटलं, चुकून आपल्याकडे आलंय, आपण काय भाडेकरू आहोत? म्हणून कपाटातून लीज, म्हणजे भाडेपट्ट्याचा करार, काढलं. चाळीस पानांची झेरॉक्स, शेवटी नकाशा, आणि नकाशावर आमच्या फ्लॅटभोवती लाल रेघ. त्या रेघेबाहेरचं सगळं, म्हणजे जिना, छप्पर, मागचं अंगण, आमच्याच भिंतीची बाहेरची बाजू, दुसऱ्याचं होतं. रेघेच्या आतलंही आमचं होतं ते १ जानेवारी १९९६ पासून ९९ वर्षांपुरतं. मुदत संपली की तेही जमीनमालकाकडे परत. कायद्याच्या दृष्टीने आम्ही भाडेकरूच होतो. आईला दिलेलं उत्तर चुकीचं होतं.

डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला भेटणारी नवी जोडपी मला हेच विचारतात: फ्लॅट बघतोय, लीजहोल्ड आहे, घ्यावा का? आणि आता नवा प्रश्न: कॉमनहोल्ड येतंय म्हणतात, थांबावं का? दहा मिनिटांच्या गप्पांत हे नीट सांगता येत नाही, म्हणून इथे क्रमाने लिहिते आहे. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिथे फ्लॅटची थेट मालकी मिळते.

## १. आधी शब्दांचा घोळ सोडवा

आपण मुंबई-पुण्याचे शब्द डोक्यात घेऊन येतो. इथे तेच शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात आणि आपली फसगत होते.

"सोसायटी" म्हटलं की आपल्याला गृहनिर्माण संस्था आठवते. इथे बिल्डिंग सोसायटी म्हणजे कर्ज देणारी संस्था. "कन्व्हेयन्स" म्हणजे आपल्याकडे बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून देणं. इथे कन्व्हेयन्सिंग म्हणजे खरेदीचं सगळं कायदेशीर काम. त्यामुळे "कन्व्हेयन्सिंग पूर्ण झालं" असं सॉलिसिटर (हे काम बघणारा वकील) सांगतो तेव्हा जमीन तुमची झाली असं समजू नका.

आता मालकीचे प्रकार.

फ्रीहोल्ड म्हणजे जमीन आणि त्यावरचं बांधकाम कायमचं तुमचं. स्वतंत्र घरं बहुधा अशी असतात.

लीजहोल्ड म्हणजे ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा. नवी मुंबईत सिडकोच्या जमिनी ६० वर्षांच्या पट्ट्यावर आहेत, हे तुम्हाला माहीत असेल. कल्पना तीच, पण इथे जमीनमालक बहुधा खाजगी असतो. इमारतीची फ्रीहोल्ड तो गुंतवणूक म्हणून विकत घेतो आणि पुढे विकूही शकतो. एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे ४८ लाख घरं लीजहोल्ड आहेत आणि त्यांत बहुतेक फ्लॅट आहेत.

शेअर ऑफ फ्रीहोल्ड म्हणजे रहिवाशांनी कंपनी काढून इमारतीची फ्रीहोल्ड घेतलेली असते आणि त्या कंपनीत तुमचा शेअर असतो. पण लक्षात घ्या, फ्लॅट अजूनही लीजवरच असतो. जमीनमालकाच्या जागी तुमचीच कंपनी येते, इतकाच फरक. एस्टेट एजंट हे "फ्रीहोल्डच आहे" म्हणून सांगतात. त्यांना विचारा, लीजची किती वर्षं उरली? शेअर हातात असूनही लीज ७० वर्षांवर आलेले फ्लॅट मी पाहिले आहेत.

कॉमनहोल्ड हा चौथा प्रकार, आणि फ्लॅट "विकत घेतला" म्हणताना आपल्या मनात जे असतं त्याच्या सगळ्यांत जवळचा. महाराष्ट्रात १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली अपार्टमेंटधारकांच्या संघटना असतात. ज्यांचे पुण्यातले फ्लॅट तसे आहेत त्यांना हे पटकन कळेल.

## २. कॉमनहोल्डमध्ये नेमकं काय मिळतं

कॉमनहोल्ड इंग्लंड आणि वेल्समध्ये २००२ च्या कायद्याने आलं आणि २७ सप्टेंबर २००४ पासून लागू झालं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने स्ट्राटा टायटल (फ्लॅटच्या मालकीची अशीच पद्धत) १९६१ मध्येच आणलं होतं, त्या मानाने इथे उशीरच झाला. त्यात कायदा झाल्यावरही बिल्डरांना तो वापरण्याची सक्ती नव्हती आणि लीजहोल्डमध्ये त्यांना ग्राउंड रेंटचं कायमचं उत्पन्न दिसत होतं. म्हणून पहिल्या वीस वर्षांत देशभर २० च्या आसपासच कॉमनहोल्ड वसाहती झाल्या. तुमच्या सॉलिसिटरने एकही पाहिलेली नसेल, हे गृहीत धरून चाला.

रचना अशी असते. तुमचा फ्लॅट म्हणजे "युनिट". त्याची फ्रीहोल्ड तुमच्या नावावर, मुदतीशिवाय. जिना, छप्पर, गच्ची, अंगण हे सामायिक भाग कॉमनहोल्ड असोसिएशनच्या नावावर. ही असोसिएशन म्हणजे कंपनीच, पण शेअरची नव्हे, हमीची. म्हणजे कंपनी बुडाली तर प्रत्येक सभासदाने भरायची हमी १ पौंडाची. युनिटच्या मालकाशिवाय दुसऱ्या कोणाला तिचं सभासद होता येत नाही. बाहेरचा जमीनमालक यात नसतोच, त्यामुळे ग्राउंड रेंटही नाही.

नियमांचं पुस्तक म्हणजे कॉमनहोल्ड कम्युनिटी स्टेटमेंट. आपल्या सोसायटीचे उपविधी असतात तसं, पण याचा मोठा भाग सरकारने ठरवून दिलेला असतो आणि उरलेला त्या इमारतीपुरता. कोणाचा खर्चात किती टक्के वाटा, कोणाला किती मतं, युनिटची हद्द कुठे संपते, हे सगळं त्यात. लीजमध्ये दोन शेजाऱ्यांची कलमं वेगवेगळी निघू शकतात. इथे सगळ्यांना एकच दस्तऐवज लागू.

मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते वेगळंच. लीजहोल्डमध्ये अटी मोडल्या किंवा पैसे थकले तर जमीनमालक न्यायालयात जाऊन लीजच रद्द करून मागू शकतो. याला फोरफिचर म्हणतात. तसं क्वचित होतं, पण वकिलाच्या पत्रात तो शब्द वाचला की रात्रीची झोप उडते, हे मी अनुभवलं आहे. कॉमनहोल्डमध्ये फोरफिचर नाही. थकबाकी वसूल करायला असोसिएशन व्याज लावू शकते, न्यायालयात जाऊ शकते, तुम्ही फ्लॅट भाड्याने दिला असेल तर भाडेकरूकडून थेट रक्कम घेऊ शकते. पण घर जप्त झाल्यासारखं जमीनमालकाच्या खिशात जात नाही.

दोन बंधनं मात्र आधीच माहीत असू द्या. राहत्या युनिटचा भाडेकरार ७ वर्षांपेक्षा लांब करता येत नाही आणि त्यावर एकरकमी पागडी घेता येत नाही. नेहमीच्या भाड्याला अडचण नाही. आणि फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असला तरी असोसिएशनचा सभासद एकच होतो. कोण, ते दोघांनी लेखी कळवायचं असतं. न कळवल्यास नोंदणीत ज्याचं नाव पहिलं तो. मतदानाला दोघंही गेलात तरी मत एकाचंच. तेव्हा घरात हे आधी ठरवून टाका.

## ३. समोरचा फ्लॅट कुठल्या प्रकारचा, ते स्वतः तपासा

जाहिरातीवर किंवा एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका. हे काम अर्ध्या तासाचं आहे.

पहिलं, एचएम लँड रजिस्ट्री या जमीन नोंदणीच्या सरकारी कचेरीकडून टायटल रजिस्टरची (मालकीच्या नोंदीची) प्रत काढा. ऑनलाइन ७ पौंड. हे सरकारच्या जीओव्ही डॉट यूके संकेतस्थळावरूनच काढा, कारण सर्चमध्ये वर दिसणाऱ्या काही खाजगी साइट त्याच कागदाचे तीस-चाळीस पौंड घेतात. रजिस्टरचा पहिला भाग वाचा. तिथे जमीन फ्रीहोल्ड, लीजहोल्ड की कॉमनहोल्ड, ते लिहिलेलं असतं. लीजहोल्ड असेल तर खाली लीजची तारीख आणि मुदत असते. कॅलक्युलेटर घ्या आणि उरलेली वर्षं स्वतः मोजा.

दुसरं, कंपनीज हाउस या कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कचेरीच्या संकेतस्थळावर इमारतीच्या कंपनीचं नाव शोधा. हे फुकट आहे. कॉमनहोल्ड असेल तर कंपनीच्या नावाचा शेवट "कॉमनहोल्ड असोसिएशन लिमिटेड" असाच असावा लागतो. नुसतं "मॅनेजमेंट कंपनी" किंवा "रेसिडेंट्स लिमिटेड" असेल तर ते कॉमनहोल्ड नाही. त्याच पानावर कंपनीचे हिशोब वेळेवर दाखल झालेत का ते दिसतं. लाल अक्षरात "ओव्हरड्यू" दिसलं तर ज्यांच्या हातात तुमचं छप्पर जाणार आहे ते लोक कागदपत्रांत ढिले आहेत, एवढं समजून घ्या.

## ४. ऑफर देण्याआधी बँकेला विचारा

कॉमनहोल्डवर इथे अनेकांचं घोडं अडतं. काही बँका कॉमनहोल्डवर कर्ज देतात, काही देत नाहीत. यूके फायनान्स या बँकांच्या संघटनेच्या लेंडर्स हँडबुकमध्ये प्रत्येक बँकेने आपापल्या अटी लिहिलेल्या असतात. ते हँडबुक ऑनलाइन उघडं आहे. तुमच्या मॉर्गेज ब्रोकरला विचारताना "फ्लॅट आहे" एवढंच सांगू नका, "कॉमनहोल्ड युनिट आहे" हे शब्द वापरा आणि उत्तर ईमेलवर घ्या. तत्त्वतः मिळालेल्या मंजुरीत मालकीचा प्रकार तपासलेलाच नसतो, म्हणून त्या कागदाच्या भरवशावर सर्व्हे आणि वकिलाचे पैसे घालवू नका.

सॉलिसिटर निवडतानाही पहिल्याच फोनवर विचारा: कॉमनहोल्डचं काम केलं आहे का, नसेल तर कोणाकडून तपासून घेणार? प्रामाणिकपणे "नाही केलं, पण बघून सांगतो" म्हणणारा चालेल. "लीजहोल्डसारखंच असतं" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

## ५. मागायची कागदपत्रं

एक्स्चेंज ऑफ कॉन्ट्रॅक्ट्स (दोन्ही बाजूंच्या सह्या झालेल्या करारांची अदलाबदल) होईपर्यंत तुम्ही बांधील नसता. एकदा ते झालं आणि सहसा १० टक्के डिपॉझिट गेलं की मागे फिरता येत नाही. म्हणून खालचं सगळं त्याआधी हातात हवं.

कॉमनहोल्ड फ्लॅटसाठी:

- युनिटचं टायटल रजिस्टर आणि नकाशा
- सामायिक भागांचं वेगळं टायटल रजिस्टर
- कॉमनहोल्ड कम्युनिटी स्टेटमेंट, नकाशांसह पूर्ण
- असोसिएशनची नियमावली (आर्टिकल्स)
- गेल्या तीन वर्षांचे हिशोब आणि चालू वर्षाचं अंदाजपत्रक
- राखीव निधी किती आहे त्याचा कागद
- इमारतीच्या विम्याची पॉलिसी
- आग सुरक्षेचा अहवाल
- कॉमनहोल्ड युनिट इन्फर्मेशन सर्टिफिकेट

यादीतल्या शेवटच्या कागदाशिवाय पुढे जाऊ नका. आधीच्या मालकाने असोसिएशनचे पैसे थकवले असतील तर ते नव्या मालकाकडून मागता येतात. या सर्टिफिकेटवर लिहिलेली रक्कम ही तुमच्या जबाबदारीची मर्यादा. त्यात थकबाकी दिसली तर ती विकणाऱ्याच्या पैशातून वळती करून घ्यायला सॉलिसिटरला लेखी सांगा. आपल्याकडे सोसायटीचं ना हरकत पत्र घेतो, त्याच काळजीने हे घ्या.

लीजहोल्ड फ्लॅटसाठी वरच्यातलं रजिस्टर, हिशोब, विमा, आग सुरक्षा हे सगळं लागेलच. शिवाय पूर्ण लीज, ग्राउंड रेंटची पावती, एलपीई१ फॉर्म (जमीनमालकाने किंवा त्याच्या एजंटने इमारतीबद्दल भरून दिलेली माहिती) आणि कलम २० च्या नोटिसा. कोणत्याही एका फ्लॅटवर २५० पौंडांहून जास्त बोजा पडणारं काम काढायचं तर जमीनमालकाला आधी कलम २० खाली रहिवाशांचं म्हणणं मागवावं लागतं. विकणाऱ्याला नोटीस आली असेल तर पुढचं बिल तुमच्या दारात येणार. २०१७ च्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर बाहेरच्या आवरणाचा प्रश्न मोठा झाला आहे. उंच इमारत असेल तर बँक इडब्ल्यूएस१ फॉर्म (बाहेरच्या भिंतींच्या आग सुरक्षेची तपासणी) मागू शकते.

## ६. ८० वर्षांचा सापळा

आमच्यासाठी सगळ्यांत महागात पडलेली गोष्ट हीच. एजंट म्हणाला होता, "८० च्या वर वर्षं आहेत, काही काळजी नाही." खरंच ८० वर्षं आणि चार महिने होते. आम्ही किल्ली घेतल्यावर चारच महिन्यांत, १ जानेवारी २०१५ ला, ते ८० च्या खाली गेलं.

यात काय बिघडतं? १९९३ च्या कायद्याने तुम्हाला लीजला ९० वर्षं जोडून घेण्याचा हक्क आहे आणि ग्राउंड रेंटही नाममात्र होतो. त्याची किंमत मात्र द्यावी लागते. लीज ८० वर्षांच्या खाली असेल तर त्या किमतीत "मॅरेज व्हॅल्यू" धरतात: लीज लांबल्यामुळे फ्लॅटची जी किंमत वाढेल तिचा अर्धा भाग जमीनमालकाला. त्या वेळी अर्ज करायला दोन वर्षांची मालकी लागायची. म्हणजे आमची वेळ येईपर्यंत ऑगस्ट २०१६ उजाडला आणि मॅरेज व्हॅल्यू लागू होऊन दीड वर्ष उलटलं होतं. विकणाऱ्याकडून नोटीस काढवून तिचा हक्क खरेदीबरोबर आपल्या नावे घेता येतो, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही.

दोन वर्षांची अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली आहे. आता खरेदीची नोंदणी झाली की लगेच अर्ज करता येतो. ३० जून २०२२ नंतरच्या बहुतेक नव्या लीजवर ग्राउंड रेंट लावताच येत नाही. २०२४ च्या कायद्यात मॅरेज व्हॅल्यू काढून टाकण्याची आणि मुदत ९९० वर्षं वाढवण्याची तरतूद आहे, पण एखादी तरतूद कायद्यात असणं आणि ती लागू होणं यांत अंतर असतं. नोटीस काढण्याच्या दिवशी कुठलं कलम लागू आहे, हे सॉलिसिटरकडून लेखी घ्या. "लवकरच येणार आहे" यावर पैशाचा हिशोब मांडू नका.

## ७. लीजहोल्डमध्ये आधीच असाल तर

तीन वाटा आहेत.

लीज वाढवणं, हे एकट्याने करता येतं.

राइट टू मॅनेज म्हणजे मालकी तिथेच ठेवून कारभार रहिवाशांनी हातात घेणं. यासाठी निम्मे फ्लॅट हवेत. जमीनमालकाने काही चूक केली आहे हे सिद्ध करावं लागत नाही. मार्च २०२५ पासून त्याचा वकिलाचा खर्चही साधारणपणे तुमच्यावर पडत नाही. मॅनेजिंग एजंट (इमारतीचा रोजचा कारभार बघायला नेमलेली कंपनी) बदलणं हाच मुद्दा असेल तर ही वाट स्वस्तातली आहे.

तिसरी, मिळून फ्रीहोल्ड विकत घेणं. आम्ही ही धरली. २०१८ च्या पावसाळी हिवाळ्यात आमचं छप्पर गळायला लागलं. वरच्या मजल्याच्या जिन्यात तीन महिने निळी बादली ठेवलेली होती. वरच्या आजी ती रोज सकाळी ओतायच्या. मॅनेजिंग एजंटला ईमेल गेले, उत्तरं आली, माणूस आला नाही. एका रविवारी आठांपैकी सहा घरांची माणसं आमच्या स्वयंपाकघरात जमली. मी चहा आणि कांदेपोहे केले, आणि सगळ्यांनी आपापली लीजं टेबलावर ठेवून तुलना केली. तेव्हा कळलं की तळमजल्यावरच्या एका लीजमध्ये छपराच्या खर्चाचं कलमच नाही. म्हणजे सगळ्यांचे वाटे मिळून शंभर टक्के होतच नव्हते. अशी चूक जुन्या इमारतींत बरीच सापडते, म्हणून सगळी लीजं एकत्र वाचा.

कायद्याने किमान निम्मे फ्लॅट सामील व्हावे लागतात. आम्ही सहा होतो. क्रम असा झाला: लेखी सहभाग करार, सर्व्हेयरकडून किमतीचा अंदाज, कंपनीची नोंदणी, मग जमीनमालकाला १९९३ च्या कायद्याच्या कलम १३ ची, म्हणजे खरेदीची, नोटीस. नोटिशीत जमीनमालकाला उत्तरासाठी किमान दोन महिने द्यावे लागतात. किमतीवर जुळलं नाही तर फर्स्ट-टियर ट्रिब्युनल या न्यायाधिकरणाकडे जाता येतं. आमचं वाटाघाटीत मिटलं. सहभाग करार मात्र टाळू नका. पैसे भरायची वेळ आली की तोंडी "हो" म्हटलेली माणसं मागे सरतात.

मोफत सल्ल्यासाठी लीजहोल्ड अ‍ॅडव्हायझरी सर्व्हिस आहे, तिला सगळे "लीज" म्हणतात. सॉलिसिटरकडे जाण्याआधी तिथे बोला. प्रश्न नेमके विचारता येतात आणि पैसे वाचतात.

## ८. इमारत कॉमनहोल्डमध्ये बदलायची असेल तर

फ्रीहोल्ड हाती आल्यावर आम्हाला वाटलं, आता पुढचं पाऊल टाकू, कॉमनहोल्डच करून टाकू. पायऱ्या कागदावर सोप्या आहेत:

१) फ्रीहोल्डची नोंदणी पक्क्या टायटलने झालेली हवी.
२) फ्रीहोल्डर, २१ वर्षांपेक्षा लांब लीज असलेला प्रत्येक जण आणि या सगळ्यांची कर्जं ज्यांच्याकडे आहेत त्या बँका, सर्वांची लेखी संमती.
३) कॉमनहोल्ड असोसिएशनची कंपनीज हाउसमध्ये नोंदणी.
४) कम्युनिटी स्टेटमेंट आणि नकाशे.
५) लँड रजिस्ट्रीकडे सीएम१ फॉर्मवर अर्ज. नोंदणी झाली की जुनी लीजं संपतात आणि प्रत्येक युनिटची फ्रीहोल्ड तयार होते.

दुसऱ्या पायरीवर आम्ही थांबलो. "सर्वांची" म्हणजे खरोखर सर्वांची. आठांपैकी एक मालक हाँगकाँगला राहतो, फ्लॅट भाड्याने देतो. आमच्या तीन पत्रांना त्याचं उत्तर नाही. एका शेजाऱ्याच्या बँकेने संमती नाकारली. त्यांचं कारण असं की त्यांचं तारण लीजवर आहे, लीजच संपणार तर तारणही जाईल आणि कर्ज नव्याने बांधावं लागेल. हे चूक म्हणता येत नाही. शेवटी आम्ही सहा जणांनी स्वतःला ९९९ वर्षांची लीजं करून दिली आणि शेअर ऑफ फ्रीहोल्डवर राहिलो. तुमच्या इमारतीत हे करायचं मनात असेल तर वकिलाला पैसे देण्याआधी बँकांची यादी करा आणि परदेशी मालकांचे पत्ते मिळवा. अडलं तर तिथेच अडतं.

लॉ कमिशन या कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या संस्थेने जुलै २०२० च्या अहवालात ही सर्वसंमतीची अट बदलायला सांगितलं. सरकारने मार्च २०२५ च्या श्वेतपत्रिकेत नवे फ्लॅट कॉमनहोल्डनेच विकले जावेत आणि नव्या फ्लॅटना लीजहोल्ड बंद व्हावं, अशी दिशा जाहीर केली. मग थांबावं का? माझं मत: राहायला घर हवं असेल तर फक्त यासाठी थांबू नका. १५० वर्षांच्या वर लीज, नाममात्र ग्राउंड रेंट आणि रहिवाशांच्या हातात कारभार, हे तिन्ही असलेला फ्लॅट आजही सुरक्षित आहे. लीज ८५ च्या आसपास असेल आणि विकणारा भाव कमी करत नसेल, तर सोडून द्या.

## ९. कारभार अंगावर घ्यायची तयारी

कॉमनहोल्डमध्ये तक्रार करायला वर कोणी नसतं. छप्पर गळलं तर निर्णय तुमचा, पैसेही तुमचेच. आपल्याकडे ज्यांनी सोसायटीच्या कमिटीवर काम केलंय त्यांना हे नवीन नाही. संचालक कोण होणार, कंपनीज हाउसचं वार्षिक काम कोण बघणार, हे पहिल्या सभेतच ठरवा. आणि राखीव निधी पहिल्या वर्षापासून सुरू करा, महिना २० पौंड का असेना. मासिक वाटा कमी दिसावा म्हणून निधी न ठेवणाऱ्या इमारतीत दहाव्या वर्षी एकदम हजारोंचं बिल येतं, आणि त्याच वेळी कोणाचं तरी बाळंतपण किंवा नोकरी गेलेली असते.

मोठी इमारत असेल तर मॅनेजिंग एजंट नेमा, पण करार एका वर्षाचाच करा. काही महिन्यांसाठी भारतात जाणार असाल तर सभेसाठी प्रॉक्सी देऊन जा.

आमच्या गेल्या सभेत ठराव झाला की कायदा बदलला की कॉमनहोल्डचा प्रयत्न पुन्हा करायचा. आठही फ्लॅटच्या बँकांची नावं, कर्जाची मुदत कधी संपते आणि हाँगकाँगच्या मालकाच्या इथल्या लेटिंग एजंटचा पत्ता, एवढं मी एका कागदावर लिहून इतिवृत्ताच्या फाईलला लावून ठेवलं आहे. वरच्या आजींनी त्यावर पहिली सही केली.